पाटील म्हणजे कोणते पाटील?

खानदेशात कुणी ‘मी पाटील’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे कोणते पाटील? लेव्यांत पाटील, मराठ्यांत पाटील, गुजरांत पाटील. मूळचा हा गावकीचा हुद्दा. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली, तरी आडनाव राहिलं. चौधरी आणि महाजन यांचीही तीच गत. बहिणाबाई आसोद्याच्या महाजनांची लेक आणि जळगावच्या चौधऱ्यांची सून. म्हणजे एका हुद्द्याच्या घरातून दुसऱ्या हुद्द्याच्या घरात आल्या. खरं आडनाव बहुधा या हुद्द्याच्या मागे दडलेलं असतं: भोळे, झोपे, फिरके, नेमाडे. आमच्या घरात दोन सख्ख्या चुलत्यांची आडनावं शाळेच्या दाखल्यावर वेगळी आहेत. मास्तरांनी एकाला विचारून लिहिलं, दुसऱ्याला न विचारता.

ही गुंतागुंत आपलीच, असं मला वाटत असे. पण कॅनडातल्या फ्रेंच घराण्यांतही हेच घडलं. तिथे मूळ आडनावाला ‘दी’ म्हणजे ‘ऊर्फ’ लावून दुसरं नाव जोडत. कुणाला ते फौजेत मिळे, कुणाला गावावरून. हुदों दी बोलिअ या घराण्याचे वंशज आज कुणी हुदों आहेत, कुणी बोलिअ. फरक असा की क्विबेकच्या चर्चच्या नोंदी १६२१ पासूनच्या आहेत आणि त्यांत बाईचं लग्न, तिच्या मुलांचे बाप्तिस्मे आणि तिचं दफन, सगळं माहेरच्या आडनावाने नोंदलेलं असतं. त्यामुळे तिकडचा माणूस आजीच्या आजीपर्यंत चालत जाऊ शकतो.

आपल्याकडे तो रस्ता लग्नाच्या मांडवातच तुटतो. आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावसुद्धा.

मुलग्यांच्या नावांत निदान काही धागे सापडतात. आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्याने वंशावळीत एकाआड एक पिढी तेच नाव भेटतं. गोंधळ होतो, पण दिशाही कळते. मुलं जगत नसली की पुढच्याला उखर्डू, धोंडू, कचरू, नथू अशी नावं ठेवत. अशा नावामागे त्याच्या आधी गेलेली भावंडं उभी असतात, हे वंशावळ काढणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कोतवाल बुक हा शब्द घरोघरी पोचला. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून लोक पणजोबा शोधू लागले. पणजी कुणी शोधत नव्हतं. तिचा दाखल्याला उपयोग नाही.

मी ती शोधायला निघालो. आजोबांच्या जन्माच्या नोंदीत बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ एवढंच होतं. बारशाआधी नोंद झालेली, त्यामुळे आजोबांचंही नाव नाही. गावाच्या रकान्यात ‘एदलाबाद’. मुक्ताईनगरचं ते जुनं नाव. मग त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांची वही पाहिली. श्राद्धात आई, आजी, पणजी अशी तीन पिढ्यांतल्या बायकांची नावं उच्चारावी लागतात, म्हणून तिथे ती उतरवलेली असतात. पणजी सापडली, पण सासरच्या नावाने. माहेर कोरंच.

उत्तर दिलं ते नव्वदीतल्या आत्याने. “आमची आजी ना? तिला सगळे हरताळेवाली म्हणत.” सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची आपली रीत, कागदाने टाकलेलं गाव हाकेने सांभाळलं होतं. हरताळे मुक्ताईनगरपासून जवळच. तिथे गेलो, सापडतील त्या नोंदी काढल्या. पणजीच्या अंदाजे जन्मवर्षाच्या आसपास त्या आडनावाच्या घरांत चार जन्म होते. चारही ठिकाणी नावाच्या जागी एकच शब्द: मुलगी.