डोंगराचें चित्र आणि पाण्याचा हंडा

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत चकलांबा नांवाचें गांव आहे. तेथें आमच्या अक्कांचें सासर. मागल्या उन्हाळ्याच्या तोंडीं मी त्यांच्याकडे गेलों, तेव्हां त्यांचा नातू नुकताच हरिश्चंद्रगडाहून परत आला होता. कोंकणकड्याच्या माथ्यावर तंबूंत दोन रात्री काढून त्यानें मावळत्या सूर्याचीं, चांदण्याचीं, खालच्या खोल दरीचीं कितीतरी छायाचित्रें आणलीं होतीं. अक्कांनीं चष्मा लावून तीं सगळीं पाहिलीं आणि विचारलें, "तिथं पाणी कुठून आणलंत रे?"

"पाचनईचे एक काका टाक्यावरून हंडा भरून आणून द्यायचे."

"मग ते काका कुठं आहेत ह्यांत?"

मुलगा जरा ओशाळला. गोदावरी आणि बालाघाट यांच्यामधल्या ज्या मुलुखांत पाण्याची मोजदाद हंड्यांनीं करावी लागते, तेथल्या बाईला हा प्रश्न सुचावा यांत नवल नाहीं. परंतु जुनीं छायाचित्रें हाताळण्यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला तो सुचला नव्हता, याची मात्र मला लाज वाटली. घरीं येऊन मीं तीं पुन्हां त्या दृष्टीनें पाहिलीं. आजचें हें भाषण त्यांतूनच निघालें आहे.

आज खिशांतल्या यंत्रानें निमिषांत चित्र निघतें, म्हणून पूर्वींची रीत थोडी समजावून सांगितली पाहिजे. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें ओल्या कांचेची पद्धति प्रसिद्ध केली. कोलोडिअन म्हणजे आम्लाचा संस्कार केलेला कापूस ईथर व अल्कोहोल यांत विरघळवून केलेला चिकट द्रव. तो कांचेवर ओतावयाचा, अंधारांत ती कांच रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वीं पुन्हां अंधारांत नेऊन तें उमटवून, पक्कें करून, भरपूर पाण्यानें धुवावयाचें. हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडील उन्हांत ईथर भराभर उडून जाई, म्हणून त्याहूनही लवकर. त्यांतून चित्र मागाहून मोठें करण्याची सोय जवळजवळ नव्हती. जेवढें चित्र हवें, तेवढी मोठी कांच. तेव्हां डोंगरावर निघालेल्या छायाचित्रकाराबरोबर कांचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, काळ्या कापडाचा तंबू आणि पाणी एवढें सगळें चढत असे. घरीं जाऊन चित्र धुऊं, असें त्याला म्हणतां येत नसे. रानांतला मुक्काम ही त्या विद्येची अटच होती.

आपल्याकडे ही विद्या फार लवकर आली. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं. पण शहरांत विहीर जवळ असते. खरी परीक्षा सह्याद्रींत. बोरघाटांतून लोहमार्ग नेण्याचें कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं इकडे येतांच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट सोडलें नाहीं. एप्रिल १८६३ मध्यें मार्ग खुला झाला. पंधरा-सोळा मैलांत १,८३१ फूट चढण आणि २५ बोगदे. या कामाचीं जीं छायाचित्रें उरलीं आहेत, तीं ॲलिसनेंच घेतलीं असें मानतात. कडे, पूल आणि दऱ्या त्यांत इतक्या स्वच्छ उतरल्या आहेत कीं पाहतांना छाती दडपते. त्या घाटांत १८६१ च्या आरंभीं ४२,००० हून अधिक माणसें राबत होतीं. पटकीनें आणि अपघातांनीं त्यांतलीं कित्येक तेथेंच राहिलीं. चित्रांचे मथळे मात्र पुलांचे व बोगद्यांचे आहेत.

त्याच १८६३ सालीं बँकेंतली नोकरी सोडून सॅम्युएल बोर्न हिंदुस्थानांत आला. हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी त्यानें केल्या, आणि १८६६ सालीं मणिरंग खिंडींत सुमारें १८,६०० फुटांवर ओल्या कांचेवर चित्रें घेतलीं. त्या उंचीवर हें काम कसें झालें असेल, याचा मला अजूनही अचंबा वाटतो. बोर्नचें निसर्गचित्र विलक्षण शांत असतें. माणूस असलाच तर पर्वताची उंची कळावी म्हणून ठेवलेला, मुंगीएवढा. परंतु हा गृहस्थ विलायतेच्या नियतकालिकांत प्रवासाचीं वर्णनें लिहीत असे, आणि त्यांत हमालांवर त्यानें फार आग पाखडली आहे. ते ओझीं टाकून पळून जातात, पुढें चालावयास तयार होत नाहींत, अशी तक्रार. थंडींत कांचांच्या पेट्या पाठीवर घेऊन चढणाऱ्या माणसानें पळून जाऊं नये तर काय करावें? तरी त्या त्राग्याबद्दल मी बोर्नचा ऋणी आहें. चित्रांत ज्यांना त्यानें जागा दिली नाहीं, ते त्याच्या रागांत तरी उरले.

आतां चकलांब्याकडे येऊं. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि त्या दरबाराचे छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. सहाव्या निजामानें त्यांना राजा हा किताब दिला. राजवाडे, शिकारी, फौजेचीं संचलनें, प्राचीन लेणीं अशा दिशेनें त्यांचा कॅमेरा फिरला; बालाघाटाच्या पायथ्याच्या गांवांकडे वळण्याचें त्याला कारण नव्हतें. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. १८९९–१९०० च्या दुष्काळांत औरंगाबादकडील मदतीच्या कामांचीं चित्रें त्यांच्या चित्रशाळेनें घेतलीं. अन्नासाठीं जमलेलीं हाडकुळीं माणसें तेथें अगदीं समोर आहेत. मराठवाड्याच्या साध्या माणसाला चित्राच्या मध्यावर यावयास दुष्काळ पडावा लागला, हें मनाला बोंचतें.

पुढें १८७१ त कोरड्या कांचेचा शोध लागला, १८८८ त गुंडाळीच्या फितीचा कोडॅक निघाला, आणि ओझें हलकें झालें. चित्र धुण्याचें काम घरीं गेलें. मग कॅमेरा गळ्यांत अडकवून एकट्यानें गडावर जावें, हें शक्य झालें. गो. नी. दांडेकर यांनीं अशींच दुर्गांचीं चित्रें टिपलीं. बोरघाटाशेजारच्या राजमाचीच्या परिसरांतील माणसांमध्यें ते वावरले आणि त्यांवर त्यांनीं कादंबरी लिहिली. त्यांच्यापाशीं डोंगर आणि डोंगरांतला माणूस हीं दोन दालनें वेगळीं नव्हतीं.

दिवाळींत अक्कांचा नातू पुन्हां हरिश्चंद्रगडावर गेला. या खेपेस त्यानें काकांना उभें राहावयास सांगितलें. ते म्हणाले, "माझं काय काढता? टाकं काढा, पाणी निवळलंय." म्हणून त्यानें टाक्याचें चित्र आणलें: कातळांत कोरलेल्या पायऱ्या, काळसर पाणी, आणि कडेला ठेवलेला हंडा. अक्कांनीं तें बराच वेळ डोळ्यांजवळ धरलें. मग म्हणाल्या, "पायऱ्या किती आहेत रे, मोजल्यास का?"