नॅसवरचा बॅकअप फेल होतो तेव्हा बिघाड नेमका कुठे असतो?

राउटरशेजारी एक छोटी काळी पेटी असते, तिचे हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि घरातल्या सगळ्यांची समजूत असते की फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट रोज रात्री आपोआप तिच्यात जाऊन बसतात. मग एक दिवस लॅपटॉपची डिस्क जाते. पेटीत शोधायला गेल्यावर कळते की शेवटचा बॅकअप पाच महिन्यांपूर्वी झालेला आहे. मधल्या काळात दिवे मात्र हिरवेच होते.

या पेटीला नॅस म्हणतात, म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. तो एक लहानसा, स्वतंत्र कॉम्प्युटरच असतो. बहुतेक नॅस आतून लिनक्सवर चालतात आणि त्यात एक किंवा अनेक हार्ड डिस्क बसवलेल्या असतात. यूएसबीची डिस्क लॅपटॉपला थेट जोडलेली असते, त्यामुळे ती एकतर दिसते किंवा दिसत नाही. नॅसचे तसे नाही. लॅपटॉप, वाय-फाय, राउटर, केबल, नॅसवरचे युजर खाते, त्याला दिलेली परवानगी आणि शेवटी डिस्क, एवढी साखळी शाबूत असेल तरच बॅकअप होतो. यातली कुठलीही कडी निखळली तरी स्क्रीनवर येणारा मेसेज बहुतेक वेळा एकच असतो: बॅकअप पूर्ण झाला नाही.

फेल झालेला बॅकअप लक्षात न येणे ही फक्त घरगुती अडचण नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेल्यावर तो रिकामा निघाला, कारण बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता आणि रोज फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेल निघत होते, पण ते मेल सर्व्हर नाकारत होता. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून नुकसान साधारण सहा तासांच्या डेटावर भागले. कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीर केले होते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी

घाईत होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे ‘जुना बॅकअप बिघडलाय, तो डिलीट करून नव्याने सुरू करू’. बिघडलेल्या बॅकअपमधूनही बऱ्याच फाइल बाहेर काढता येतात, डिलीट केल्यावर मात्र काहीच हाती उरत नाही. म्हणून आधी सर्वांत महत्त्वाची फोल्डर एखाद्या यूएसबी डिस्कवर साधी कॉपी करून ठेवावीत. अर्ध्या तासाचे काम आहे, पण त्यानंतर नॅसशी कितीही झटापट केली तरी धोका राहत नाही.

दुसरी गोष्ट, मेसेजच्या खिडकीवर थांबू नये, लॉग उघडावा. विंडोजच्या फाइल हिस्टरीला आणि जवळजवळ प्रत्येक बॅकअप प्रोग्रॅमला स्वतःची नोंदवही असते, नॅसलाही असते. दोन्हीकडची वेळ जुळवून पाहिली की बरेच काही उलगडते. रात्री दोन वाजता लॅपटॉपने ‘जोडणी तुटली’ असे नोंदवले आणि नॅसच्या लॉगमध्ये दोन वाजता काहीच नाही, तर लॅपटॉप नॅसपर्यंत पोहोचलाच नव्हता. नॅसमध्ये ‘लॉगिन नाकारले’ अशी नोंद असेल तर नेटवर्क ठीक आहे, दोष खात्यात आहे.

नॅस सापडतच नाही

वीज गेली आणि आली, त्यानंतर बॅकअप बंद पडला, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची आहे. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर उपकरणांना नव्याने आयपी अ‍ॅड्रेस वाटतो. काल नॅसचा पत्ता १९२.१६८.१.५ होता, आज तो १९२.१६८.१.९ झाला, आणि बॅकअप प्रोग्रॅम अजून जुन्याच दारावर टकटक करतो आहे. विंडोजमध्ये अशा वेळी एरर ५३ दिसते, अर्थ एवढाच की नेटवर्कवर तो पत्ता सापडला नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नॅससाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला की हा प्रश्न सुटतो. राउटर आणि नॅस दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर असावेत. लिहिणे चालू असताना वीज गेली तर नुसता त्या रात्रीचा बॅकअप जात नाही, आधीच्या बॅकअपची फाइलही बिघडू शकते.

लॅपटॉपवर विंडोजने घरच्या वाय-फायला ‘पब्लिक’ नेटवर्क ठरवले असेल, तरी नॅस नेटवर्कच्या यादीत दिसत नाही. ते ‘प्रायव्हेट’ करावे. फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याची गरज नसते.

काही नॅस वापर नसताना डिस्क झोपवतात. त्या जाग्या व्हायला काही सेकंद लागतात आणि उतावळा बॅकअप प्रोग्रॅम तेवढ्यात कंटाळून निघून जातो. पहिला प्रयत्न फेल आणि लगेच केलेला दुसरा यशस्वी, असे रोज होत असेल तर हेच कारण धरावे.

सापडते, पण आत घेत नाही

इथे सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो. विंडोज पासवर्ड विचारते आणि माणूस सवयीने लॅपटॉप उघडण्याचा चार आकडी पिन टाकतो. तो पिन त्या एकाच लॅपटॉपपुरता असतो, नॅसला तो माहीत नसतो. तिथे नॅसवर तयार केलेले युजरनेम आणि त्याचाच पासवर्ड लागतो. चुकीची माहिती गेली की एरर १३२६ येते. नॅसचा पासवर्ड मध्यंतरी बदललेला असेल तर लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन नॅसची जुनी नोंद काढावी आणि नव्याने लॉगिन करावे.

एरर १२१९ वेगळी आहे. एकाच विंडोज युजरने एकाच नॅसवर एका वेळी दोन निरनिराळ्या नावांनी शिरायचा प्रयत्न केला की ती येते. सिनेमे पाहायला एक खाते आणि बॅकअपला दुसरे, अशी विभागणी केलेल्या घरांत ती हमखास भेटते. आधीची जोडणी तोडली की दुसरी लागते.

हाताने बॅकअप घेतला की होतो, वेळ लावून ठेवला की होत नाही, हा प्रकार तर भल्याभल्यांना चकवतो. नॅसच्या फोल्डरला ‘झेड ड्राइव्ह’ असे अक्षर दिलेले असते. ते अक्षर फक्त लॉगिन केलेल्या माणसाच्या खात्यात अस्तित्वात असते. रात्री टास्क शेड्युलरने सिस्टीम खात्यातून काम सुरू केले की त्या खात्याच्या दृष्टीने झेड ड्राइव्ह नावाचे काही नसतेच. अशा वेळी ड्राइव्हच्या अक्षराऐवजी नॅसचा पूर्ण नेटवर्क पत्ता द्यावा, जो दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होतो, आणि युजरनेम-पासवर्ड बॅकअप प्रोग्रॅममध्येच भरावा.

अपडेटनंतर अचानक बंद

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे अनेकांनी विंडोज ११ घेतले आणि वर्षानुवर्षे चाललेला नॅस एकदम अनोळखी झाला. याला कारण आहे. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर प्रो आवृत्तीत दोन नियम कडक झाले: नॅसशी होणाऱ्या प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही हवी, आणि पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून शिरता येणार नाही. घरचाच तर नॅस आहे म्हणून ज्यांनी पासवर्ड ठेवला नव्हता, त्यांचा बॅकअप इथे अडकतो. सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश अडवला, अशा अर्थाचा मेसेज येतो. नियम मोडून काढायच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत, पण सोपा आणि बरोबर उपाय पाच मिनिटांचा आहे. नॅसवर पासवर्डसह एक खाते तयार करायचे आणि नॅसचे सॉफ्टवेअर अपडेट करायचे.

फार जुन्या नॅसची गोष्ट अधिक गंभीर आहे. ते फक्त एसएमबी १ ही फाइल शेअर करण्याची जुनाट पद्धत जाणतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तो याच पद्धतीतल्या एका भगदाडातून. त्याच वर्षीच्या अपडेटपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ नसते. ‘विंडोज फीचर्समध्ये जाऊन ते चालू करा, नॅस लगेच दिसेल’ हा सल्ला खरा आहे, नॅस दिसतोही. पण ज्या डेटाच्या सुरक्षेसाठी बॅकअप घ्यायचा, त्यालाच त्यामुळे धोका होतो. असा नॅस आता बदललेलाच बरा.

मॅकवरही अशीच पिढी बदलली आहे. टाइम मशीन पूर्वी एएफपी पद्धतीने नॅसशी बोलत असे. २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून अ‍ॅपलने फाइल शेअरिंगसाठी एसएमबीला पहिली पसंती दिली, तेव्हा नॅसच्या सेटिंगमध्ये टाइम मशीनसाठी एसएमबी निवडावे. नॅसवर टाइम मशीन सगळा बॅकअप एका डिस्क इमेजमध्ये साठवते. बॅकअप चालू असताना वाय-फाय तुटले किंवा वीज गेली तर ती इमेज बिघडते, आणि मग ‘विश्वासार्हतेसाठी नवा बॅकअप तयार करावा लागेल’ असा नम्र मेसेज येतो. तो मान्य केला की जुना इतिहास पुसला जातो. त्यातले काही हवे असेल तर होकार देण्याआधी नॅसवर त्या इमेजची वेगळी प्रत काढावी.

मध्येच तुटतो

पहिला बॅकअप मोठा असतो आणि लोक तो वाय-फायवरून, लॅपटॉप मांडीवर घेऊन करतात. हिशेब करून पाहावा. ५०० जीबी डेटा १०० मेगाबिटच्या जोडणीवरून जायला किमान ११ तास लागतात. एवढ्या वेळात लॅपटॉप एकदा तरी झोपतोच. गिगाबिट केबलवर तेच काम सव्वा-दीड तासात होऊ शकते. मात्र गिगाबिटसाठी केबलमधल्या चारही जोड्या शाबूत लागतात. दाराखाली चेपून एक जोडी तुटली तर जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. कुणाला पत्ताही लागत नाही.

मराठीत फाइलना नावे देणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसे कुठे लिहिलेले नसते. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटचे, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणे, सगळे वेगवेगळे मोजले जाते. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, पण त्यात ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. या हिशेबाने जेमतेम ८५ चिन्हांत नाव संपते. विंडोज मात्र २५५ चिन्हांपर्यंत चालवून घेते. त्यामुळे ‘ग्रामपंचायत ठराव दुरुस्तीसह अंतिम…’ असे लांबलचक नाव लॅपटॉपवर सुखाने नांदते आणि नॅसच्या दारात अडकते. काही नॅसवर एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइटची, म्हणजे सुमारे ४७ चिन्हांची आहे. लॉगमध्ये त्याच त्या दोन-चार फाइल पुन्हा पुन्हा दिसत असतील तर त्यांची नावे लहान करून पाहावीत.

जागा आणि डिस्क

नॅस भरला की लोक जुने सिनेमे डिलीट करतात आणि जागा तेवढीच राहते. नॅसचा स्वतःचा रिसायकल बिन असतो, शिवाय स्नॅपशॉट चालू असतील तर डिलीट केलेल्या फाइल त्यातही धरून ठेवलेल्या असतात. युजरला ठरावीक कोटा दिलेला असेल तर नॅस अर्धा रिकामा असूनही ‘जागा नाही’ म्हणतो. टाइम मशीनसाठी मॅकच्या साठवणुकीच्या किमान दुप्पट जागा असावी.

लिहिण्याची परवानगी नाही, असे नॅस म्हणतो आणि परवानग्या तर सगळ्या ठीक आहेत, असे झाले तर डिस्कची तब्येत तपासावी. डिस्कमध्ये दोष सापडल्यावर काही नॅस आणखी नुकसान टाळण्यासाठी स्वतःला फक्त वाचण्यापुरते मर्यादित करतात. स्मार्ट अहवालात ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे वाढत असतील तर ती डिस्क बदलायची, दुरुस्त होण्याची वाट पाहायची नाही.

सगळे सुरळीत झाल्यावर एक फाइल परत आणून उघडून पाहावी, शक्यतो जुनी आणि मोठी, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर. नॅसच्या सेटिंगमध्ये सूचना पाठवायचा ईमेल भरावा आणि ‘टेस्ट’ बटण दाबून तो मेल इनबॉक्समध्ये आला की स्पॅममध्ये, तेही बघावे. फक्त फेल झाल्यावर मेल पाठवण्याऐवजी यशस्वी झाल्याचाही मेल मागवता येतो. तो रोज सकाळी येत असेल तर ज्या दिवशी आला नाही, त्याच दिवशी कळते.