दोन डॉलर तेरा सेंट

अमेरिकेत टेबलावर जेवण आणून देणाऱ्या माणसाला मालकाने तासाला किमान दोन डॉलर तेरा सेंट दिले की संघराज्याचा कायदा पाळल्यासारखं होतं. बाकीचं गिऱ्हाईक देईल, असं गृहीत धरलेलं आहे. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. त्या वर्षी देशाचं किमान वेतन सव्वाचार डॉलर झालं, आणि टिप मिळणाऱ्यांना त्याच्या निम्मं दिलं तरी चालेल असा नियम होता. सव्वाचारचे निम्मे दोन डॉलर साडेबारा सेंट, तेच तेरा केले. पुढे १९९६ मध्ये किमान वेतन वाढलं तेव्हा मालकांच्या आग्रहामुळे टिपवाल्यांना तिथेच ठेवलं गेलं. आज सर्वसाधारण किमान वेतन सव्वासात डॉलर आहे. टिप धरूनही तेवढे झाले नाहीत तर फरक मालकाने भरायचा. पण तो हिशेब आठवड्याच्या सरासरीने होतो, म्हणून मंगळवारची रिकामी दुपार शनिवारच्या रात्रीत बुडून जाते. कॅलिफोर्निया, मिनेसोटा अशा काही राज्यांनी मालकांची ही सवलत काढून टाकली. मी राहते त्या कॅन्ससात ती अजून चालू आहे.

नवऱ्याला विचिटातल्या विमान कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही सांगलीहून इथे आलो. मला काम करायची परवानगी मिळाल्यावर पहिली नोकरी लागली ती हायवेलगतच्या एका साखळी रेस्टॉरंटमध्ये. पहिल्या पगाराचा चेक हातात आला तर त्यावर शून्य. टिपवरचा करही त्या दोन डॉलर तेरामधूनच कापतात, मग उरणार काय? सोबतची जुनी सर्व्हर म्हणाली, ‘तो कागद विसर. आपला पगार टेबलांवर आहे.’

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बसल्या बसल्या हा विषय हटकून निघतो. इथल्या रेस्टॉरंटमध्ये लोक किती तुसडे झालेत, आणि वर वीस टक्के मागतात! ऐकताना माझा जीव तुटतो. तुसडेपणा मी नाकारत नाही. पण तो येतो कुठून, हे बघायचं तर कॅन्ससच्या इतिहासात मागे जावं लागतं. साखळी रेस्टॉरंटं या देशात वाढली त्यातल्या कितीतरींचं मूळ या राज्यात आहे.

रेल्वे पश्चिमेकडे सरकत होती त्या काळात स्टेशनावरचं जेवण म्हणजे उघड लूट होती. गाडी वीसेक मिनिटं थांबायची. पैसे आधी घ्यायचे, ताट उशिरा आणायचं, चार घास होतात न होतात तोच घंटा वाजायची. प्रवासी धावत डब्यात, आणि न खाल्लेलं अन्न पुढच्या गाडीच्या लोकांपुढे. गाडीवरचे कर्मचारीही यात सामील असत, असं त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे. तक्रार करायची कुणाकडे? तक्रार करणारा तोवर मैलभर पुढे गेलेला असे.

हे जेवण जेवून पोट बिघडलेला एक माणूस म्हणजे फ्रेड हार्वे. १८३५ मध्ये लंडनमध्ये जन्मलेला, पोरवयात न्यूयॉर्कला येऊन खानावळीत भांडी घासलेला, नंतर रेल्वेच्या मालवाहतुकीचा एजंट म्हणून गावोगाव फिरलेला. १८७६ मध्ये त्याने कॅन्ससातल्या टोपीकात सॅन्टा फे रेल्वेच्या स्टेशनावर एक जेवणघर चालवायला घेतलं. स्वच्छ टेबलक्लॉथ, ताजं अन्न, रास्त दर. दोन वर्षांनी फ्लॉरेन्स या छोट्या गावातलं हॉटेल घेतलं, तिथे राहायचीही सोय होती. त्या इमारतीचा उरलेला भाग आज संग्रहालय आहे, आमच्या घरापासून तासाभराच्या आत. पुढे सॅन्टा फे रेल्वेच्या कडेकडेने अशी हार्वे हाउस ऐंशीच्या वर गेली.

हार्वेची व्यवस्था कशी चाले ते सांगायलाच हवं. गाडी स्टेशनात येण्याआधी कंडक्टर डब्यातून फिरून विचारायचा, डायनिंग रूम की काउंटर? किती माणसं कुठे बसणार ती संख्या तारेने पुढच्या स्टेशनावर जायची. गाडी लागताच दारात घंटा, आणि माणसं बसेपर्यंत पहिला पदार्थ टेबलावर. जेवणात पाय असे, म्हणजे तो भरलेला गोड पदार्थ. इतर लोक त्याचे सहा तुकडे करत, हार्वेकडे चारच. पेय विचारणारी मुलगी निघून जायची आणि मागून दुसरी मुलगी काहीही न विचारता बरोबर चहा, कॉफी, दूध ओतत जायची. प्रवाशांना ती जादू वाटे. खूण कपात होती. कप बशीत सरळ असेल तर कॉफी, उपडा असेल तर गरम चहा, उपडा करून बशीला टेकवलेला असेल तर थंड चहा, आणि बशीबाहेर उपडा ठेवला असेल तर दूध. मी टॅब्लेटवर बोटं आपटत ऑर्डर घेतलेली बाई; मला हे फार आवडतं. शहाण्या हातांनी केलेलं काम आहे ते.

याच कथेत एक कटू पानही आहे. १८८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॅटनच्या हार्वे हाउसमध्ये वेटर कृष्णवर्णीय पुरुष होते. रात्री त्यांच्यात मारामारी झाली असं कळल्यावर हार्वेने सगळ्यांना एका फटक्यात काढलं आणि त्यांच्या जागी गोऱ्या तरुण मुली आणवल्या. मग पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन अठरा ते तीस वयाच्या, चांगल्या चालीच्या मुली बोलावणं सुरू झालं. याच त्या हार्वे गर्ल्स, ज्यांच्यावर १९४६ मध्ये जुडी गारलंडचा सिनेमा निघाला. काळा पोशाख, पांढरा कडक एप्रन, करार संपेपर्यंत लग्न न करण्याची अट, रात्री ठरल्या वेळी वसतिगृहात परत. नियम जाचक होते यात शंका नाही. पण महिना साडेसतरा डॉलर, राहणं, जेवण आणि रेल्वेचा पास, एवढं मालक देत असे. टिप मिळाली तर ती वर. महिन्याचं भाडं भरता येईल का, याचा घोर त्या मुलींना गिऱ्हाइकाचा चेहरा बघून करावा लागत नव्हता. हार्वेच्या मुलींच्या अदबीचं लोक आजही कौतुक करतात. ती अदब कुठल्या पायावर उभी होती, ते मात्र कुणी सांगत नाही.

त्याच रुळांवरून, त्याच गाड्यांतून दुसरी व्यवस्था धावत होती. पुलमन कंपनीचे झोपायचे डबे. १८६७ पासून जॉर्ज पुलमनने तिथे पोर्टर म्हणून कृष्णवर्णीय माणसं ठेवली, बरीचशी नुकतीच गुलामगिरीतून सुटलेली. पगार इतका तुटपुंजा की टिपशिवाय घर चालणं अशक्य. प्रवासी त्यांना सरसकट जॉर्ज म्हणून हाक मारत, गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारावी तसं. आणि त्यावर हसून ‘येस सर’ म्हणावं लागे. १९१५ मध्ये सरकारी आयोगापुढे कंपनीच्या वतीने साक्षीला उभे राहिले रॉबर्ट टॉड लिंकन, अब्राहम लिंकनचे चिरंजीव. पोर्टरना महिना साडेसत्तावीस डॉलर मिळतात आणि बाकीची भर प्रवाशांच्या टिपने पडते, हे तिथे नोंदलं गेलं. गुलामांना मुक्त करणाऱ्याचा मुलगा हे सांगत होता. हे वाचताना मला आजही संताप येतो.

१९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकाराने पोर्टरांची संघटना उभी राहिली. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला नीट पगार द्या, टिपसाठी लाचारी नको. बारा वर्षं झगडल्यावर १९३७ मध्ये कंपनीने करार केला. या संघटनेच्या आधीच टिपविरुद्ध कायदेही झाले होते. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये बंदी घातली, मग मिसिसिपी, आयोवा, टेनेसी वगैरे राज्यांनी. १९२६ पर्यंत ते सगळे मोडीत निघाले. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यात रेस्टॉरंटं नव्हतीच. १९४२ मध्ये स्टेशनावरच्या हमालांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्यांची टिप मालक वेतनात धरू शकतो. १९६६ मध्ये रेस्टॉरंटंही कायद्याखाली आली, पण निम्मं वेतन टिपमधून वळतं करायची मुभा घेऊनच. म्हणजे अमेरिकेपुढे दोन वाटा होत्या, आणि साखळ्यांनी पुलमनची धरली.

कॅन्सस सोडून पुढे जाण्याआधी विचिटातला १९५८ चा उन्हाळा सांगते. या गावात १९२१ मध्ये पाच सेंटच्या हॅम्बर्गरचं व्हाइट कॅसल निघालं होतं. १९५८ च्या उन्हाळ्यात, जून महिन्यात, दोन भावांनी आईकडून सहाशे डॉलर उसने घेऊन पिझ्झा हट उघडलं. आणि जुलैत डग्लस अव्हेन्यू आणि ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर, डॉकम या औषधांच्या साखळी दुकानातल्या लंच काउंटरवर, कृष्णवर्णीय विद्यार्थी येऊन बसले. तोवर त्यांच्या लोकांनी काउंटरच्या टोकाला उभं राहून कागदी कपात घ्यायचं आणि बाहेर जायचं, अशी रीत होती. रॉन वॉल्टर्स आणि कॅरल पार्क्स ही तरुण मुलं पुढे होती. नीटनेटके कपडे करून यायचं, स्टुलावर बसायचं, ऑर्डर द्यायची, वाट बघायची. कुणी शिव्या दिल्या तरी वळून बघायचं नाही. वेट्रेसना वाढायची मनाई होती. तीन आठवडे हे चाललं. ऑगस्टमध्ये धंदा बुडतोय म्हणून मालकाने वाढायला सांगितलं, आणि राज्यातल्या त्या साखळीच्या सगळ्या दुकानांत भेद संपला. ग्रीन्सबरोच्या लंच काउंटरवरच्या अशाच, पण जास्त प्रसिद्ध सत्याग्रहाच्या दीड वर्ष आधीची ही गोष्ट. आता गावातल्या एका बागेत त्या काउंटरचं ब्राँझचं शिल्प आहे. वाईट वागणुकीविरुद्ध गिऱ्हाइकाने केलेली इतकी सच्ची तक्रार मला दुसरी माहीत नाही. तीही वाढणाऱ्या बाईच्या नव्हे, मालकाच्या दारात नेलेली होती.

आता तक्रार उलट्या दिशेने जाते. मी कामाला होते तिथे बिलाच्या खाली सर्व्हेचा पत्ता छापलेला असे. दहापैकी नऊ गुण मिळाले तरी वरच्या ऑफिसात ती नापसंतीच धरायचे. स्वयंपाकघरात दोन माणसं कमी, स्टेक उशिरा, आणि गुण कापले जायचे ते माझे. टिपही माझीच. शिवाय गिऱ्हाईक यायच्या आधी आणि गेल्यावर सुऱ्या-काटे नॅपकिनात गुंडाळणं, मिठाच्या बाटल्या भरणं, सॉसच्या बरण्या पुसणं, हे सगळं त्याच दोन डॉलर तेरामध्ये. रविवारी दुपारी चर्चमधून मोठमोठे घोळके यायचे. एकदा टेबलावर घडी घातलेली दहाची नोट दिसली. उलगडली तर आत येशूला शरण जाण्याचा उपदेश छापलेला, आणि मागची बाजू कोरी. मी ती खिशात घातली आणि पुढच्या टेबलाकडे हसत गेले. ते हसू कसं असेल, त्याची कल्पना वाचणाऱ्याने करावी.

आपल्या लोकांचं टेबल आलं की सोबतच्या मुली ते एकमेकींकडे ढकलत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आपल्या लोकांना कंजूस म्हणणंही मला मान्य नाही. सांगलीत बिल बडीशेपेच्या बशीतून येतं, जाताना माणूस सुटे पैसे त्यातच सोडतो. ती खुशी असते, पगार नसतो. त्याच हिशेबाने इथे दोन डॉलर ठेवून उठणाऱ्या काकांना कुणी सांगितलेलंच नसतं की त्यांनी आत्ता एका मुलीचं वेतन ठरवलं.

पुलमनची ही वाट सोडायचा प्रयत्न साखळ्यांनी केलाच नाही असं नाही. जोज क्रॅब शॅक या साखळीने २०१५ मध्ये आपल्या अठरा शाखांत टिप बंद करून दर वाढवले आणि पगार वाढवला. वर्षभराच्या आत बहुतेक ठिकाणी जुनं परत आलं. गिऱ्हाइकांनाच ते रुचलं नाही. टिप हातात असली की आपला धाक राहतो, चांगली सेवा मिळते, असं त्यांना वाटत होतं. आता २०२५ च्या कायद्याने २०२८ पर्यंत टिपच्या पंचवीस हजार डॉलरपर्यंतच्या कमाईवर संघराज्याच्या आयकरात सूट दिली आहे. माझ्या जुन्या मैत्रिणी त्याने खूश आहेत, आणि त्यांच्या आनंदात मला मोडता घालायचा नाही. पण मालकाने काय द्यायचं, या प्रश्नाला त्या कायद्याने हातही लावलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझा मामेभाऊ सहकुटुंब आला होता. जेवायला गेलो तेव्हा सूप थंड होतं आणि आणणारी मुलगी घुश्शात. ‘हिला एक पैसा देणार नाही,’ असं तो मराठीत म्हणाला. मी म्हटलं, ‘दादा, मॅनेजरला बोलाव. सूप तिने केलेलं नाही, आणि तिच्याकडे आज किती टेबलं लावलीत ती मोज.’ त्याने मान वर करून मोजली. मॅनेजर आला, माफी मागून त्याने सूप बिलातून काढलं. दादा कमी झालेल्या बिलावर टक्के काढायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि सूप धरून जेवढं होत होतं त्यावर काढायला लावले. चार वाट्या तिनेच उचलून आणल्या होत्या.