मेसच्या भिंतीवरचा लाकडी पंखा

जुन्या मेसच्या भिंतीवर लाकडी प्रोपेलर असला, की ‘पहिल्या महायुद्धातला’ असं हमखास सांगितलं जातं. माझी पद्धत साधी आहे: आधी मधल्या जाड भागावरचे ठसे वाचायचे. ब्रिटिश प्रोपेलरवर तिथे आराखड्याचा क्रमांक, इंजिनाचं नाव, व्यास आणि पिच ठोकलेले असतात. ‘जिप्सी मेजर’ दिसलं तर पहिलं महायुद्ध बाद. हे इंजिन १९३२ चं. आपले कित्येक वैमानिक ज्यावर उडायला शिकले, त्या टायगर मॉथचं हेच इंजिन, १३० अश्वशक्तीचं.

ठसे पुसट असतील तर पंखा उभा धरा, फुगीर बाजू आपल्याकडे. वरच्या पात्याची जाड कड उजवीकडे आली तर तो जिप्सी मेजरसारख्या डावीकडे फिरणाऱ्या इंजिनाचा. डावीकडे आली तर ऑस्टर ५ चं लायकमिंगही असू शकतं.

हा फरक आम्हा लष्करवाल्यांना महत्त्वाचा. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात तोफखान्याचे अधिकारी स्वतः ऑस्टर उडवून तोफांचा मारा नेमका करत. त्याच परंपरेतून १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर उभी राहिली. ऑस्टर ६ ला मात्र जिप्सी मेजरच होतं. म्हणून शेवटचा निवाडा आराखड्याच्या क्रमांकाचा.

तेव्हा तुमच्या युनिटमध्ये असा पंखा असेल, तर पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी ठशांचे फोटो काढून ठेवा. घासून गेलेला ठसा परत येत नाही.