तुरुंगश्रमातून शेतीचुन्याचे उत्पादन (अमेरिका)

आम्लधर्मी शेतजमिनीच्या सुधारणेसाठी लागणारी चुनखडीची भुकटी तुरुंगातील कैद्यांकडून तयार करवून ती शेतकऱ्यांना अल्प दरात पुरविण्याची पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काही राज्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अवलंबिली. इलिनॉय राज्यातील मेनार्ड येथील तुरुंग हे तिचे विशेष उल्लेखिले जाणारे उदाहरण होय. मृदाविज्ञानाचा प्रसार, रेल्वेची मालवाहतूक आणि कैद्यांच्या श्रमाविषयीचे कायदे या तीन गोष्टींच्या संयोगातून ही पद्धत उदयास आली. शेतकऱ्याला स्वस्त चुना मिळाला, तरी तो ज्या श्रमातून निघत होता तो श्रम सक्तीचा आणि बहुधा विनावेतन किंवा नाममात्र मोबदल्याचा होता. त्यामुळे कृषी इतिहासाबरोबरच दंडशास्त्राच्या इतिहासातही या विषयाची चर्चा होते.

शेतीचुना : स्वरूप व कार्य

शेतीचुना म्हणजे मुख्यतः दळलेली चुनखडी, अर्थात कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाइट या खडकाच्या भुकटीत कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. चुनखडी भट्टीत भाजली असता कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मिळतो आणि त्यावर पाणी टाकले असता विरलेला चुना तयार होतो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची आम्ल उदासीन करण्याची क्षमता १०० मानली, तर विरलेल्या चुन्याची सुमारे १३५ आणि कळीच्या चुन्याची सुमारे १७९ भरते. तथापि भाजण्यासाठी इंधन लागते, तसेच कळीचा चुना हाताळणे धोक्याचे असते. दळलेल्या दगडाला भट्टीची आवश्यकता नसल्याने मोठ्या क्षेत्रासाठी तोच परवडतो.

भरपूर पावसाच्या प्रदेशात जमिनीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्याबरोबर खाली झिरपून जातात आणि पिकेही ती शोषून घेतात. परिणामी जमिनीचा सामू उतरतो. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेल्यास अनेक जमिनींत विद्राव्य ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढून मुळांची वाढ खुंटते. स्फुरदाची उपलब्धता घटते आणि द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जीवाणूंचे कार्य मंदावते. क्लोव्हर व लसूणघास या पिकांना हा दोष विशेष बाधतो. चुनखडी मिसळली असता कार्बोनेट आम्लाशी संयोग पावून पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि मातीच्या कणांवरील हायड्रोजनची जागा कॅल्शियम घेते.

दळण जितके बारीक तितका परिणाम जलद होतो. एका इंचात ६० छिद्रे असलेल्या चाळणीतून जाणारे कण लवकर विरघळतात. एका इंचात ८ छिद्रे असलेल्या चाळणीतूनही न जाणारे खडे वर्षानुवर्षे जवळजवळ निष्क्रिय राहतात. म्हणूनच या उद्योगात दगड फोडण्याइतकेच तो दळण्यालाही महत्त्व होते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत जमिनीच्या आम्लतेवर चुनायुक्त द्रव्यांचा उपाय पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत व्हर्जिनियातील जमीनदार एडमंड रफिन हा अग्रणी मानला जातो. चुनायुक्त खतांवरील त्याचा प्रबंध १८३२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच्या मळ्यात मार्ल ही चुनायुक्त माती खोदून शेतात पसरण्याचे काम गुलाम करीत असत. रफिन स्वतः गुलामगिरीचा कट्टर समर्थक होता. त्यामुळे अमेरिकी शेतीतील चुन्याचा इतिहास आरंभापासूनच सक्तीच्या श्रमाशी जोडलेला दिसतो.

१८६५ मध्ये राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी व सक्तीची चाकरी रद्द केली. मात्र रीतसर दोषी ठरलेल्या व्यक्तीला गुन्ह्याची शिक्षा म्हणून दिलेली चाकरी तीतून वगळली. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १८७१ मध्ये रफिन विरुद्ध कॉमनवेल्थ या खटल्यात कैद्याला शिक्षेच्या काळापुरते राज्याच्या गुलामासारखे लेखले. दक्षिणेकडील राज्यांत कैदी खासगी मळेवाले, खाणमालक व रेल्वे कंपन्या यांना भाड्याने देण्याची प्रथा रूढ झाली आणि तिचा भार प्रामुख्याने कृष्णवर्णीयांवर पडला. जॉर्जियाने ती १९०८ मध्ये आणि अलाबामाने १९२८ मध्ये बंद केली.

उत्तरेकडील राज्यांत तुरुंगाच्या आवारातच खासगी ठेकेदारांसाठी माल तयार होत असे. त्यास कामगार संघटना व कारखानदार या दोघांचाही विरोध होता. इलिनॉयने १८८६ च्या घटनादुरुस्तीने कैद्यांचे श्रम ठेक्याने देण्यास मनाई केली, तर न्यूयॉर्कची अशीच तरतूद १८९७ पासून अमलात आली. यापुढे हजारो कैद्यांना कोणते काम द्यावे, हा प्रश्न राज्यांपुढे उभा राहिला. खासगी बाजारपेठेला फारसा धक्का न लावणारी आणि लोकोपयोगी म्हणता येतील अशी कामे शोधली जाऊ लागली. रस्त्यांसाठी खडी फोडणे हे त्यांपैकी एक होते. शेतीचुना हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा ठरला, कारण खडी फोडताना निघणारा चुरा प्रथम निरुपयोगी समजला जात होता.

इलिनॉयमधील प्रयोग

दक्षिण इलिनॉयचा तुरुंग १८७८ मध्ये चेस्टर गावाजवळ मेनार्ड येथे मिसिसिपी नदीकाठच्या चुनखडीच्या कड्याला लागून सुरू झाला. दगडाची खाण तुरुंगाच्या हद्दीतच होती. याच राज्यातील जोलिएट येथील जुना तुरुंगही स्थानिक चुनखडीतून कैद्यांनीच बांधलेला होता.

चुन्याला मागणी निर्माण झाली ती इलिनॉय विद्यापीठातील कृषिशास्त्रज्ञ सिरिल जी. हॉपकिन्स (१८६६–१९१९) यांच्या प्रचारामुळे. चुनखडी, दळलेला फॉस्फेट खडक आणि द्विदल पिके यांच्या आधारे जमिनीची सुपीकता कायम राखता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. महागड्या मिश्र खतांऐवजी स्वस्त खनिजे वापरण्यावर त्यांचा भर होता. दक्षिण इलिनॉयमधील करड्या माळजमिनी आम्लधर्मी व निकस समजल्या जात. हॉपकिन्स यांनी १९०३ मध्ये सेलम गावाजवळ अशीच जमीन विकत घेऊन तिला ‘पुअरलँड फार्म’ असे नाव दिले. १९१३ मध्ये तेथील ४० एकरांच्या एका शेतात गव्हाचे उत्पन्न एकरी सुमारे ३५ बुशेल आले. हा अनुभव त्यांनी ‘ब्रेड फ्रॉम स्टोन्स’ या पत्रकातून शेतकऱ्यांपुढे मांडला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मेनार्डच्या खाणीतील चुनखडी दळून शेतकऱ्यांना देण्यास सुरुवात झाली. आकारलेला दर खासगी मालाच्या तुलनेत नाममात्र होता. राज्याने नफ्यापेक्षा कैद्यांना काम व जमिनीला चुना हा दुहेरी हेतू पुढे ठेवला होता.

इतर राज्ये

व्हर्जिनियात १९१० च्या दशकात राज्यातर्फे कैद्यांकरवी चुना दळण्याचे कारखाने चालविण्यात आले. इंडियाना राज्याने किरकोळ गुन्ह्यांतील कैद्यांसाठी पुट्नमव्हिल येथे १९१५ मध्ये सुरू केलेल्या शेतीतुरुंगाच्या जमिनीतही चुनखडी होती व तेथे खाणकाम चालत असे.

उत्पादन व वाहतूक

कामाचे टप्पे सर्वत्र साधारण सारखे होते. खाणीच्या वरच्या थरातील माती काढणे, दगडात भोके पाडून सुरुंग लावणे, सुटलेले धोंडे घणाने फोडणे, ते ढकलगाड्यांतून यंत्रापर्यंत नेणे, खडी करणे, दळणे, चाळणे आणि शेवटी भुकटी रेल्वेच्या वाघिणीत भरणे, असा हा क्रम होता. यांपैकी बरीचशी कामे अंगमेहनतीची असल्याने, जेथे मजुरी द्यावी लागत नाही तेथे उत्पादन खर्च अत्यल्प राहत असे.

तथापि चुना वजनाने जड व किमतीने हलका माल असल्यामुळे शेतकऱ्याला पडणाऱ्या खर्चात रेल्वेभाड्याचा वाटा मोठा असे. एकरी दोन टनांचे प्रमाण धरले, तर ४० एकरांसाठी ८० टन माल लागतो. स्थानकावर आलेली वाघीण ठराविक मुदतीत रिकामी न केल्यास दंड भरावा लागे. म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून माल मागविणे आणि घोडागाड्यांतून तो वाहून नेणे सोयीचे पडे. तुरुंगापासून दूर असलेल्या शेतकऱ्याला स्वस्त दराचा लाभ भाड्यातच गमवावा लागे, त्यामुळे या योजनेचा फायदा भौगोलिकदृष्ट्या मर्यादित राहिला.

टीका व वाद

खासगी खाणमालकांचा आक्षेप असा होता, की ज्या उत्पादकाला मजुरी द्यावी लागत नाही त्याच्याशी स्पर्धा अशक्य आहे. संघटित कामगारांनाही हीच भीती वाटत होती. याउलट शेतकऱ्यांच्या दृष्टीने तुरुंगाचा दर हा खासगी दरांवरील लगाम होता. समर्थकांच्या मते रिकामपणापेक्षा उघड्यावरील काम कैद्याला हितकर होते. परंतु खाणीबाहेर दगडफोडीचे कौशल्य फारसे उपयोगी पडत नसल्याने, सुधारणेचा हा दावा दुबळा ठरतो.

खाणकामातील धोकेही गंभीर होते. सुरुंग, कोसळणारे दगड आणि उघडी यंत्रे यांमुळे इजा होत. दळणाच्या धुळीचा त्रास श्वसनमार्गाला व डोळ्यांना होई. काम नाकारण्याचा अधिकार नसलेल्या व्यक्तीला या धोक्यांपासून स्वतःचा बचाव करण्याचे मार्ग फारच थोडे होते. तुरुंगातील दगडखाणींच्या परिस्थितीचे टोकाचे उदाहरण १९५६ मध्ये जॉर्जियातील ब्युफर्ड येथे घडले. तेथील खाणतुरुंगातील तीसहून अधिक कैद्यांनी वागणुकीच्या निषेधार्थ घणाने आपलेच पाय मोडून घेतले. ती खाण शेतीचुन्याची नव्हती, परंतु दगडफोडीची शिक्षा कोणत्या थराला जाऊ शकते हे तीतून दिसून आले.

ऱ्हास

१९२९ चा हॉज–कूपर कायदा १९३४ मध्ये अमलात आला. त्याने बाहेरून येणाऱ्या तुरुंगातील मालावर निर्बंध घालण्याची मुभा राज्यांना दिली. १९३५ च्या ॲशहर्स्ट–समनर्स कायद्याने ते निर्बंध मोडणारी वाहतूक गुन्हा ठरविली. शेतीचुना मुख्यतः राज्यांतर्गतच विकला जात असल्याने या कायद्यांची थेट झळ त्याला तुलनेने कमी बसली. यांत्रिक बदलांचा परिणाम अधिक निर्णायक ठरला. फिरती दळणयंत्रे शेतांजवळच्या लहान खाणींपर्यंत पोहोचली आणि मालमोटारींनी रेल्वेची जागा घेतली. १९३६ पासून संघराज्य शासनाच्या मृदासंधारण कार्यक्रमातून चुना वापरणाऱ्या शेतकऱ्यांना अर्थसाहाय्य मिळू लागले. खासगी खाणींचा चुना अशा रीतीने शेतकऱ्याच्या आवाक्यात आल्यावर तुरुंगातील दळणाची गरज ओसरली.

सद्यःस्थिती

आज अमेरिकेत शेतीचुना प्रामुख्याने खासगी खाणींतून येतो. मेनार्डचा तुरुंग अद्याप चालू असून जोलिएटचा जुना तुरुंग २००२ मध्ये बंद झाला. कैद्यांच्या सक्तीच्या श्रमाचा प्रश्न मात्र संपलेला नाही. कोलोरॅडोने २०१८ मध्ये, नेब्रास्का व युटाने २०२० मध्ये, तर अलाबामा, ओरेगन, टेनेसी व व्हर्माँट यांनी २०२२ मध्ये आपापल्या राज्यघटनांतील गुलामगिरी वा सक्तीच्या चाकरीविषयीची भाषा मतदानाने बदलली. कॅलिफोर्नियातील मतदारांनी २०२४ मध्ये असा प्रस्ताव फेटाळला. संघराज्याच्या घटनेतील तेराव्या दुरुस्तीचा अपवाद अद्याप कायम आहे.