निव्वळ कॅलरीची वजाबाकी

मोबाइलवर जेवणखाण नोंदवणाऱ्याला रात्री हिशेब दिसतो: खाल्ले 1,700, व्यायामात जाळले 300, निव्वळ 1,400. त्या 300 च्या भरवशावर मग एखादा लाडू उचलला जातो. या वजाबाकीचं कूळ शोधत गेलं, तर आपण अमेरिकेतल्या मिडलटाउन गावी एका पेटीपाशी पोहोचतो.

पेटी कसली, खोलीच ती. पण सात फूट लांब आणि चार फूट रुंद. वेस्लियन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी भौतिकीचे प्राध्यापक एडवर्ड रोझा यांना हाताशी धरून 1890 च्या दशकात ती उभी केली. आतून तांब्याचा पत्रा, त्याभोवती जस्ताचा, वर लाकडी आवरणं. आत घडीची खाट, खुर्ची, टेबल आणि एक माणूस, तोही दिवसचे दिवस. जेवण दुहेरी झडपेच्या खिडकीतून आत जाई, मलमूत्र बाहेर येई आणि तेही जाळून त्यातली ऊर्जा मोजली जाई. काही प्रयोगांत त्याला जागच्या जागी तासन्‌तास सायकल मारावी लागे. अंगातून निघालेली उष्णता नळ्यांतलं गार पाणी वाहून नेई. ते पाणी शिरताना किती गार आणि निघताना किती कोमट, यावरून मुख्य खर्च कळे. जमाखर्चाचा ताळा असा बसला, की सरासरी फरक शेकडा एकाच्याही आत. दोन्ही बाजू एकाच माणसावर, एकाच पेटीत मोजलेल्या! ही चैन पुढे आकडे वापरणाऱ्यांच्या नशिबी नव्हती.

निव्वळ कॅलरीतली पहिली वजाबाकी याच काळातली, आणि तिची आठवण क्वचितच कुणी काढतं. एक ग्रॅम प्रथिन भट्टीत जाळलं तर साधारण 5.65 कॅलरी मिळतात. शरीराला मात्र त्यातल्या चारच लाभतात. काही लघवीवाटे जातात, काही न पचता. असं नुकसान वजा करून ॲटवॉटर यांनी प्रथिनाला 4, चरबीला 9 आणि कर्बोदकांना 4 असे भाव ठरवले. आजही बिस्किटाच्या पुड्यावरचा आकडा बहुधा याच भावानं निघतो.

आपल्याकडे कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून आहारतज्ज्ञ ॲक्रॉइड यांनी 1930 च्या दशकात भारतीय अन्नाचे तक्ते काढले. अशा तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं, 40 ग्रॅम चरबी, 26 ग्रॅम कर्बोदकं. भावानं गुणून बेरीज करा, 564 येतात. पण हे भाव सरासरीचे, आणि सरासरी ती सरासरी. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी 2012 मध्ये माणसांना बदाम खाऊ घालून तपासलं, तर 28 ग्रॅममागे 170 ऐवजी 129 च कॅलरी अंगी लागत होत्या. दाण्याच्या पेशींत अडकलेली चरबी न पचताच निघून जात होती.

कॅलरी प्रयोगशाळेतून घरात आणली ती लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. 1918 मधलं त्यांचं पुस्तक तडाखेबंद खपलं. पावाचा तुकडा म्हणू नका, इतक्या कॅलरींचा पाव म्हणा, असा त्यांचा धडा होता.

दुसरी वजाबाकी व्यायामाची, आणि घोळ आहे तो इथेच. श्रम मोजायला ‘मेट’ हे माप आलं: स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, ढोबळमानानं किलोमागे तासाला एक कॅलरी. बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये चालण्यापासून केर काढण्यापर्यंत शेकडो कामांची मेटमधली यादी छापली. तासाला पावणेपाच किलोमीटरच्या चालीला साधारण साडेतीन मेट पडतात. म्हणजे 60 किलोचा माणूस तासभर चालला, की 210 कॅलरी.

पण तोच माणूस तो तास पेपर वाचत बसला असता, तरी 60 खर्चल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई 150. ॲपनं दिवसाचा कोटा ठरवताना त्या 60 आधीच धरलेल्या असतात. व्यायामाच्या खात्यात 210 लिहिले, की त्या दोनदा मोजल्या जातात. त्यातून मूळ मापही सैल. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 769 प्रौढांचा विश्रांतीतला प्राणवायूचा वापर पाहिला. मेटच्या व्याख्येत तो मिनिटाला किलोमागे 3.5 मिलिलिटर धरलेला. प्रत्यक्षात सरासरी 2.6 निघाला. आणि अशा अंदाजातून निघालेला आकडा ॲप एककापर्यंत नेमका दाखवतं, याची मला मौज वाटते.

काही मनगटी घड्याळं ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘टोटल’ असे दोन आकडे दाखवतात. खाल्ल्यातून वजा करायचा तो पहिला. जिथे एकच एकूण आकडा येतो, तिथे वजनाच्या किलोला तासामागे एक कॅलरी आपणच कापून घ्यावी लागते.