सनद कुणाची, धाव कुणाची?

बहरीनचा नकाशा उघडा. मनामाच्या दक्षिणेला, इसा टाउनजवळ 'सनद' नावाची एक वस्ती दिसेल. मराठी माणसाला हा शब्द नवा नाही. आपल्याकडे वकिलाला सनद मिळते, इनामदाराकडे सनद असायची. 1719 साली बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून शाहू महाराजांसाठी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, हे शाळेत शिकला नसाल तर आजोबांना विचारा. मूळ शब्द अरबी. अर्थ आधार किंवा दस्तऐवज. थोडक्यात, 'याला हा हक्क आहे' असं सांगणारा कागद.

आज बोलायचंय ते अशाच एका कागदाबद्दल, म्हणजे पासपोर्टबद्दल. आणि बहरीनकडून धावलेल्या दोन मुलींबद्दल.

आधी देश किती लहान ते बघा. क्षेत्रफळ साधारण 780 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या दुपटीहूनही कमी. लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक बाहेरून कामाला आलेले. तुमच्या ओळखीचं कुणी तिथे असेलही.

पहिली मुलगी रुकैया अल-घसरा. जन्म 1982, बहरीनचीच. 2004 साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती 100 मीटर धावली, तेव्हा तिच्या वेगापेक्षा तिच्या कपड्यांवरच जास्त लिहिलं गेलं, कारण तिचं डोकं आणि हातपाय झाकलेले होते. उत्तर मिळालं डिसेंबर 2006 मध्ये, दोह्याच्या खलिफा स्टेडियमवर. आशियाई खेळांत 200 मीटरचं सुवर्ण तिने 23.19 सेकंदांत जिंकलं. मागे राहिलेल्यांत श्रीलंकेची सुशांतिका जयसिंघे होती, सिडनी ऑलिंपिकची पदकविजेती. 2008 मध्ये बीजिंगला रुकैयाने देशाचा झेंडा हाती धरला आणि 200 मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली.

दुसरी मुलगी सल्वा ईद नासर. तिचा जन्म 1998 चा, नायजेरियातल्या ओनित्शा शहरातला. जन्मनाव एबेलेचुक्वू आगबापुओन्वू. आईसुद्धा धावपटू. 2014 मध्ये, सोळाव्या वर्षाच्या आसपास, ती बहरीनची झाली. नाव बदललं, झेंडा बदलला. 2015 मध्ये 400 मीटरमध्ये कुमार गटाचं जगज्जेतेपद, 2017 मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत तिने 50.09 सेकंदांत सुवर्ण घेतलं. रौप्य मिळालं आसामच्या हिमा दासला, 50.79 मध्ये.

आणि मग 3 ऑक्टोबर 2019. पुन्हा दोहा, पुन्हा तेच खलिफा स्टेडियम. बहामाजची ऑलिंपिक विजेती शॉने मिलर-उइबो 48.37 धावली. एवढ्या वेळेत एरवी सुवर्ण ठरलेलंच. पण सल्वा तिच्या पुढे होती: 48.14. 1985 नंतर जगात कुणीही स्त्री एवढी जोरात 400 मीटर धावली नव्हती. वय 21.

गोष्ट इथे थांबली असती तर सोपी होती. उत्तेजक-चाचणीसाठी खेळाडूंना रोज एक तास 'मी अमुक ठिकाणी सापडेन' असं कळवून ठेवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की तो गुन्हा. सल्वाच्या चाचण्या चुकल्या. नमुन्यात औषध सापडल्याचा आरोप या प्रकरणात नव्हता, पण नियम तो नियम. 2020 मध्ये एका न्यायाधिकरणाने तिला सोडलं. 2021 मध्ये क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवून दोन वर्षांची बंदी घातली. दोह्याचं सुवर्ण राहिलं, टोकियो ऑलिंपिक हुकलं. ती परतली आणि 2024 मध्ये पॅरिसला 48.53 सेकंदांत ऑलिंपिक रौप्य घेऊन गेली.

आता अवघड भाग. 'विकत घेतलेले खेळाडू' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ज्यांना त्याची झळ बसते त्यांचा राग खोटा नाही. साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर 2014 च्या आशियाई खेळांत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये कांस्य घेऊन आली. सुवर्ण नेलं केनियात जन्मलेल्या, बहरीनकडून धावणाऱ्या रुथ जेबेटने. पुढे जेबेट उत्तेजकांत सापडली. तेव्हा माणदेशातल्या माणसाने चिडू नये का?

चिडावं. पण कुणावर, हेही बघावं. 2017 मध्ये ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने देशबदल थांबवले आणि 2018 मध्ये नवे नियम आणले: साधारण तीन वर्षं थांबायचं, आणि विशीच्या आत बदल नाही. कारण उघड होतं. शाळकरी वयात असे निर्णय मुलं एकटी घेत नाहीत. घेतात ते पैसेवाले, प्रशिक्षक, सरकारं. हा नियम आधी असता तर सोळा वर्षांच्या मुलीला झेंडा बदलता आला नसता.

आता तुमच्याकडे येऊया. तुम्ही न्यू जर्सीत, लंडनमध्ये किंवा मस्कतमध्ये वाढलात. घरी वरण-भात, बाहेर दुसरी भाषा. उद्या तुम्ही खूप वेगाने धावू लागलात आणि भारताकडून खेळावंसं वाटलं, तर भारतीय पासपोर्ट लागतो. ओसीआय कार्ड पुरत नाही. आणि राहत्या देशाकडून धावलात, तर 'मूळची कुठली?' हा प्रश्न पदकासोबत येणारच. सल्वाला जो प्रश्न विचारतात, त्याचीच ही सौम्य आवृत्ती.

मला वाटतं, रुकैया आणि सल्वा या दोघींकडे एकत्र बघावं. एक जन्माने बहरीनची, तरी कपड्यांमुळे तिला आपलं स्थान सिद्ध करावं लागलं. दुसरी कागदाने बहरीनची, तिला जन्मावरून. एकाच स्टेडियमवर, तेरा वर्षांच्या अंतराने, दोघींनी एकाच देशाचा झेंडा वर नेला.

पेशव्यांनी सनदा आणल्या, पण चौथाई आपोआप जमा झाली नाही. त्यासाठी पुढे कित्येक वर्षं घोडी दामटावी लागली. सनद तुम्हाला फक्त रेघेपर्यंत नेते. बंदूक वाजल्यानंतरचे 400 मीटर ज्याचे त्यालाच धावायचे असतात.